खोली मोजली, वस्ती राहून गेली

चाळीच्या पुनर्विकासासाठी सर्वेक्षणाला आलेला मुलगा नम्र होता. चपला दाराबाहेर काढून आत आला, लेसरच्या यंत्राने खोली मोजली, वीजबिल, भाडेपावती आणि आधारकार्डाचे फोटो काढले, मोरी स्वतंत्र आहे का ते विचारलं आणि अर्जावर भराभर खुणा केल्या. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. मधेच वडिलांनी त्याला सांगायला घेतलं होतं की हा पोटमाळा सदुसष्ट साली घातला, त्याच्या आधी याच खोलीत चौदा माणसं पाळ्यापाळ्यांनी झोपायची. मुलगा म्हणाला, "आजोबा, पोटमाळा एरियात धरत नाहीत." अर्जाच्या तळाशी 'शेरा' असा रकाना होता. त्यात त्याने लिहिलं, 'निरंक'.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. जे विचारायला सांगितलं होतं ते त्याने विचारलं. माझं भांडण त्या अर्जाशी आहे. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, डिलाईल रोड हा मुंबईतल्या गिरण्यांचा, म्हणजे गिरणगावाचा, सगळा पट्टा आमच्या डोळ्यांदेखत उलटापालटा झाला. दर वेळी कागदावर उतरलं ते खोलीचं क्षेत्रफळ, भाडेकरूचं नाव आणि नव्या घराला 'पात्र' की 'अपात्र'. तिथे साठ-सत्तर वर्षं राहिलेल्या माणसाला त्या जागेबद्दल जे ठाऊक आहे ते कुठल्याच कागदावर येत नाही. त्याला 'आठवणी' म्हणतात, आणि आठवणी म्हणजे गणेशोत्सवाच्या स्मरणिकेतला मजकूर, दोन जाहिरातींच्या मधे बसवलेला.

मला ते माहीत असणं पुरावा वाटतं. नव्या इमारतीला जसा अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागतो, तशी जुनी पाडण्याआधी रहिवाशांच्या जबान्यांची नोंद लागली पाहिजे. ती ऐच्छिक किंवा हौशी मंडळींवर सोडलेली नको, सक्तीची हवी.

पहिला आक्षेप घरातूनच आला. आई म्हणते, "आठवणी तुम्हा पुरुषांच्या. मला घरात संडास पाहिजे." पहाटे चारला नळावर बादल्या लावायला ती उठायची. गॅलरीत कॅरम कुटत बसलेल्यांना ते दिवस मजेचे वाटतात यात नवल नाही. बीडीडी चाळींचंच बघा. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ इमारती उभ्या केल्या, खोली जेमतेम १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या दिवशी त्या कुटुंबांना 'पण तुमची संस्कृती गेली हो' असं सांगायला जाणाऱ्याने आधी महिनाभर त्या संडासाच्या रांगेत उभं राहून यावं. चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे पुष्कळ जण पंच्याऐंशी सालीच ठाण्याला नाहीतर डोंबिवलीला गेलेले असतात. तेव्हा पुनर्विकास होऊ नये असं मी म्हणत नाही. पाडण्याआधी विचारा, एवढंच म्हणतोय.

विचारलं नाही तर काय होतं, त्याचं एक उदाहरण आमच्या हाकेच्या अंतरावर आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, भर पावसात, परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. (त्या स्टेशनाला आता प्रभादेवी म्हणतात.) पुढे चर्चा झाली ती अफवेची, पावसाची, जिन्याच्या रुंदीची. वडिलांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "गिरणी सुटायची तेव्हा गर्दी रस्त्यावर यायची. स्टेशनात नाही."

मला ते वाक्य समजायला वेळ लागला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगार होते. म्हणजे माणसं या भागात तेव्हाही कमी नव्हती. पण त्यांतली पुष्कळशी भोंगा ऐकू येईल इतक्याच अंतरावर राहायची. पाळी सुटली की लोंढा फाटकातून रस्त्यावर, रस्त्यावरून गल्लीत आणि गल्लीतून जिन्यात जिरायचा. स्टेशन लागायचं ते गावाला जाताना, नाहीतर नातेवाइकांकडे. गिरण्या गेल्या आणि त्याच जमिनींवर कचेऱ्या आल्या. कचेरीत काम करणारा विरारहून येतो, बदलापूरहून येतो. त्याला इथे राहणं परवडत नाही. सगळी गर्दी दिवसातून दोनदा त्याच जुन्या पुलावर यायची. टॉवर मंजूर करताना किती गाड्या उभ्या राहतील ते मोजलं गेलं. माणसं कुठून चालत येतील ते कोणी मोजलं? प्रवाशांच्या तक्रारी त्याआधीपासून होत्याच. एका म्हाताऱ्याच्या वाक्याने २३ जीव वाचले असते असा दावा मी करणार नाही. पण या भागात पूर्वी माणसं कशी हलायची हा प्रश्न कुठल्याही अर्जावर छापलेला असता, तर हजार जणांनी एकच उत्तर दिलं असतं.

उलट उदाहरणही आहे, तेही जवळचंच. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळीच्या क्लीव्हलँड बंदराजवळ पुलाच्या खांबांत ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. वरळी कोळीवाड्यातले मच्छीमार म्हणाले, या अंतरातून वारा-करंट असताना होडी सुखरूप निघणार नाही. अभियंत्यांचा कागद म्हणत होता, निघेल. वाद बरीच वर्षं चालला, काम अडलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं. कोणाच्या तरी आज्याने कोणत्या वाऱ्यात होडी कुठल्या अंगाला सरकते ते पोराला सांगून ठेवलं होतं, ते शेवटी आराखड्यात मीटरमध्ये लिहिलं गेलं. फक्त त्यासाठी कोळ्यांना काम रोखून धरावं लागलं. कोणी वही-पेन घेऊन त्यांच्याकडे आधी गेलं नव्हतं.

शहराच्या विकास आराखड्याचीही तीच तऱ्हा झाली. २०१५ च्या फेब्रुवारीत मसुदा आला आणि लोकांना आपापल्या गल्ल्यांतल्या चुका दिसायला लागल्या, आहे ती वास्तू नकाशात नाही, उभ्या इमारतीवरून रस्ता गेलेला. हजारोंनी हरकती घेतल्या आणि दोन महिन्यांत सरकारने महापालिकेला तो मसुदा मागे घ्यायला लावला. हरकत म्हणजे तरी काय? 'साहेब, इथे हे आहे, मी रोज बघतो' एवढंच.

जमिनीच्या आठवणी नावांतही असतात. खाडी ओलांडून आल्यावर पाय धुवायचे ती पायधुणी. धोबी तलावावर आज तलाव नाही, पण तिथे पाणी साठायची जागा होती हे नाव सांगतं. आता लोअर परळला दलालांनी 'अप्पर वरळी' म्हणायला सुरुवात केली आहे. लोअर वर गेलं, परळ गायब झालं. या नावातून जमिनीबद्दल काहीही कळत नाही, भाव तेवढा कळतो. मॉलच्या आवारात गिरणीची चिमणी शोभेला ठेवलीय, तिच्यापुढे पोरं फोटो काढतात. वाईट काही नाही त्यात. पण चिमणी राखली म्हणजे गिरणगाव राखलं असं कोणी समजू नये. चिमणीला कोणी काही विचारू शकत नाही, म्हणूनच ती राखायला सोपी.

आता अवघड भाग. आठवण खोटं बोलते. मुद्दाम नाही, पण बोलते.

माझे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, होते. ते नेहमी सांगायचे, "आमच्या खात्यात सगळी आपलीच माणसं." लहानपणी मला ते वाक्य उबदार वाटायचं. 'आपली' म्हणजे कोण हे पुढे वाचून कळलं. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ते निमित्त करून दलित कामगारांना विणकामाच्या खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, येऊ देत नसत. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. बाबासाहेब तेव्हा परळच्याच बीआयटी चाळीत राहत होते, आमच्या चाळीपासून चालत जायच्या अंतरावर. आजोबांच्या आठवणीत खातं आहे, साचे आहेत, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शिव्या आहेत. दारात थांबवलेली माणसं नाहीत.

'चाळ म्हणजे एक कुटुंब' हे वाक्य आमच्याकडे सगळेच म्हणतात. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल झाली, १० जानेवारीला परळला मोर्चावर वरून दगड टाकला गेला आणि दलित पँथरचा भागवत जाधव हा कार्यकर्ता मारला गेला. आमच्या गॅलरीत विचारलं तर उत्तर येतं, "हो, तिकडे काहीतरी झालं होतं खरं." रस्त्यापलीकडच्या वस्तीत विचारलं तर माणसं तारीख, वेळ आणि दगड कुठून आला ते सांगतात. त्र्याण्णवच्या दंगलीनंतर कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचं काय झालं असं विचारलं की आमच्याकडे कोणीतरी चहा टाकायला उठतं.

म्हणून काही जाणकार म्हणतात, अशा आठवणींवर विसंबू नका. मला नेमकं उलट वाटतं. कोर्टात दोन साक्षीदार वेगवेगळं बोलले म्हणून साक्ष घेणं बंद करत नाहीत, दोघांचीही लिहून घेतात. चाळीच्या वतीने चाळ कमिटीच्या अध्यक्षाने सांगितलेला गोडगोड इतिहास नोंद म्हणून चालणार नाही. तळमजल्याच्या शेवटच्या खोलीतली बाई काय सांगते, झाडूवाल्याच्या मुलाला कुठल्या नळावर पाणी भरू देत नव्हते, हेही त्याच वहीत यायला हवं. पटत नसेल त्याने आपली जबानी शेजारी लिहावी. लिहिलेलं नसलं की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण खरी ठरते, आणि दोन पिढ्यांनी तोच इतिहास होतो.

आणि कोण राहत होतं हाच प्रश्न वाटतो तितका साधा नसतो. वडिलांनी त्या मुलाला सांगायला घेतलेली चौदा माणसं म्हणजे आमच्या गावच्या मंडळाची खोली. रत्नागिरीकडची एका गावची माणसं मिळून एक खोली घ्यायची. भिंतीला ओळीने खुंट्या, प्रत्येकाची आपापली. खाली पत्र्याच्या ट्रंका. रात्रपाळीवाला सकाळी आला की दिवसपाळीवाल्याने गुंडाळलेली वळकटी तिथेच उलगडायचा, अंथरूण गारच व्हायचं नाही म्हणे. जेवण खाणावळीत. खाणावळ चालवणारी बाई पहाटेपासून चुलीपुढे, तिचं नाव कुठल्या मस्टरवर नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. सावकाराच्या कचाट्यातून त्या बँकेच्या दारापर्यंत गेल्या तेव्हा कुठे त्यांची नावं कागदावर यायला लागली.

मंडळाच्या खोलीची भाडेपावती मात्र एकाच माणसाच्या नावे लागायची. आमच्या खोलीची आजोबांच्या नावे होती. संपानंतर बाकीचे पांगले, बरेच गावी गेले ते परत आलेच नाहीत. खोली आमची झाली. कोणी बळकावली नाही, भांडण झालं नाही, होत होत झाली. आज आम्ही 'पात्र' आहोत ते त्या पावतीच्या जोरावर. उरलेल्या तेरांपैकी दोघांची मुलं मला ओळखतात, लग्नाकार्यात भेटतात. हा विषय आमच्यात निघत नाही.

त्यांना फ्लॅट द्या असं मी म्हटलं तर ते ढोंग होईल, कारण माझा मी सोडणार नाही. पण या खोलीत एकच कुटुंब राहत होतं असं सरकारी कागदाने म्हणावं, हे मला सहन होत नाही. आणि हा प्रश्न नुसत्या भावनेचा नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या वर अर्ज आले, २०१२ पासून सोडती निघाल्या त्या काही हजार घरांच्या. त्यात नंबर लागायला आधी गिरणीतलं कामगाराचं तिकीट, फंडाचा कागद, नाहीतर मस्टरवरची नोंद दाखवावी लागते. बदलीवाल्याकडे, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर घेतलेल्याकडे, बऱ्याचदा काहीच नसतं. कागदावर काय येतं यावर माणसाचा वाटा ठरतो, हे गिरणगावाने जमिनीच्या बाबतीतही पाहिलंय. १९९१ च्या नियमाने गिरण्यांची जमीन पालिका, म्हाडा आणि मालक यांत साधारण तीन हिश्शांत वाटायची होती. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची ठरली, आणि मैदानांचा व घरांचा वाटा आटून गेला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. 'मोकळी' या एका शब्दाचा अर्थ काय धरायचा ते ठरवताना त्या आवारात रोज जाणाऱ्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

हे काम अशक्य आहे असंही नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून इथला इतिहास गोळा केला, त्याचं पुस्तक २००४ साली आलं. दोन बाया ठरवून बसल्या आणि झालं. महापालिकेने काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं ठरवून किती वर्षं झाली, ते एव्हाना संग्रहालयातच ठेवण्याजोगं झालंय. इमारतीपेक्षा आधी आवाज गोळा करायचे असतात. यंत्रं गंजली तरी शंभर वर्षं टिकतात, साचेवाले टिकत नाहीत.

करायचं कसं? बिल्डरकडे हे काम अजिबात देऊ नये, तो छान कॉफी टेबल पुस्तक काढेल. पैसे त्याच्याकडून घ्यावेत, नमुना फ्लॅटच्या सजावटीला जेवढे घालतो त्याच्या निम्म्यातही भागेल. नोंद वॉर्ड ऑफिसच्या देखरेखीखाली कॉलेजच्या मुलांनी करावी, एकेका खोलीला अकरा मिनिटांऐवजी दोन तास द्यावेत. ज्याला नाव द्यायचं नाही त्याचं नाव झाकावं. पाणी कुठे तुंबतं, वाट कुठून होती, मैदान कोण वापरायचं, गटार कुठे गाडलं गेलंय अशा मुद्द्यांना आराखडा करणाऱ्याने लेखी उत्तर द्यावं, 'मान्य' किंवा 'अमान्य, कारण अमुक'. बाकीचं सगळं वॉर्डातल्या वाचनालयात कोणालाही वाचता येईल असं राहावं. म्हाडाचे अधिकारी म्हणतील, आधीच प्रकल्प रखडतात, त्यात हे एक. खरं आहे, रखडतात. पण मी ज्या रखडलेल्या इमारती पाहतो त्या पैसे संपल्याने किंवा कोर्टकज्ज्यांनी रखडल्यात. म्हाताऱ्यांना दोन तास जास्त बोलू दिलं म्हणून रखडलेली एक दाखवा.

शिवाय निम्मी नोंद तयारच असते, ती कोणी उघडत नाही. आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या वह्या घ्या. दर वर्षी, खोली नंबरप्रमाणे, कोणी किती दिले. सवा रुपया, दोन रुपये, 'गावी गेले', 'संप, पुढे देतील'. ब्याऐंशीच्या वहीत तिसऱ्या मजल्याच्या सगळ्या ओळीपुढे ही 'संप' अशी खूण आहे आणि त्र्याऐंशीत त्यातल्या पाच नावांवर रेघ. कुठल्या खोलीत कोण कधी आलं, नाव कधी बदललं, कोणाकडून वर्गणी मागितलीच जात नव्हती, सगळं त्यात सापडतं. सरकारी जनगणना दहा वर्षांनी व्हायची, ही दर भाद्रपदात व्हायची.

गेल्या वर्षी संक्रमण शिबिरात जायची तयारी म्हणून कार्यकर्त्यांनी मंडळाच्या पोटमाळ्यावरची ट्रंक खाली काढली. वरच्या वह्या बऱ्या होत्या, खालच्यांना वाळवी लागलेली. कोणीतरी अख्खी ट्रंक भंगारवाल्याला दिली, रद्दी किलोवर आणि पत्रा वेगळा. मला संध्याकाळी कळलं. धावत गेलो तेव्हा तो गठ्ठे बांधत होता. १९५८ ते १९७९ च्या वह्या आधीच्या टेम्पोने गेल्या होत्या. १९८० पासूनच्या माझ्याकडे आहेत, कपाटावर, प्लास्टिकच्या गोणीत.